तापातील आकडी : पहिल्या पाच मिनिटांची परीक्षा

रात्रीचे दोन वाजलेले असतात. बाहेर पावसाची झड लागलेली असते आणि घरात दीड वर्षाचे मूल तापाने फणफणलेले असते. संध्याकाळपर्यंत अंगणात खेळणाऱ्या त्या मुलाचे डोळे अचानक वर फिरतात, दातखीळ बसते, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात. ओठ निळसर पडतात, तोंडाला फेस येतो. हाका मारल्या तरी ओळख नाही. आईला वाटते, मूल हातचे गेले. आजी कांदा फोडायला धावते, कुणी चप्पल नाकाशी धरतो, तर कुणी दातखीळ सोडवण्यासाठी चमचा शोधू लागतो. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात आणि मूल गाढ झोपी जाते. घर मात्र त्या रात्री झोपत नाही, आणि पुढची कित्येक वर्षे मुलाच्या अंगाला हात लावताना ते धास्तावलेले राहते.

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातील बालरोगतज्ज्ञांना हे दृश्य नवे नाही. गोव्यातील अनेक मराठी घरांची मुळे याच पट्ट्यात आहेत. कुणाचे माहेर खानापूरला, कुणाची सासुरवाडी निपाणीला. सुट्टीत, सणावाराला, लग्नकार्याला चोर्ला घाटातून लेकरे घेऊन जाणे-येणे चालूच असते. त्यामुळे तापातील आकडी म्हणजे काय, ती आली असता काय करावे आणि काय करू नये, हे घाटाच्या दोन्ही बाजूंच्या घरांना ठाऊक असणे आवश्यक आहे. आकडी येणारच नाही अशी हमी कोणतेही ज्ञान देऊ शकत नाही. ती आलेल्या घरात घडणारे अनर्थ मात्र ते निश्चित टाळू शकते.

आजार जुना, समजूत त्याहून जुनी

लहान मुलांना ताप चढला असता झटके येतात, हे निरीक्षण प्राचीन आहे. तीव्र तापात मुलांना झटके येतात आणि वयाच्या सातव्या वर्षानंतर हे प्रमाण कमी होते, असे ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात नोंदलेले आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बालग्रहांचे वर्णन येते. त्यातील स्कंदापस्माराची लक्षणे, म्हणजे शुद्ध हरपणे, हातपाय झाडणे, तोंडाला फेस येणे, वाचली तर आजच्या बालरोगतज्ज्ञाला त्यात आपला रुग्ण ओळखू येईल. त्या काळी कारण ठाऊक नव्हते, म्हणून दोष ग्रहांकडे गेला. आज कारण पुष्कळसे उलगडले आहे. तरीही 'बाहेरचे काही झाले', 'दृष्ट लागली' ही वाक्ये आकडी आलेल्या घरात अजून ऐकू येतात, आणि दवाखान्याच्या वाटेवर पहिला थांबा पुष्कळदा भगताच्या दारात होतो.

वैद्यकशास्त्राच्या व्याख्येनुसार सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील मुलाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असताना आलेली आकडी, जिच्यामागे मेंदूचा संसर्ग, रक्तातील साखरेची वा क्षारांची गडबड असे दुसरे कारण नाही आणि ज्या मुलाला पूर्वी तापाविना आकडी आलेली नाही, ती तापातील आकडी होय. शंभरांतील दोन ते पाच मुलांना ती या वयात एकदा तरी येते. म्हणजे पन्नास मुलांच्या अंगणवाडीत असे एखाद-दुसरे मूल सापडणे स्वाभाविक आहे. तिचे सर्वाधिक प्रमाण वयाच्या दुसऱ्या वर्षात आढळते.

मेंदूत नेमके काय घडते

मेंदूतील पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत संदेशांच्या द्वारे बोलतात. त्यांना चेतवणाऱ्या आणि त्यांना आवरणाऱ्या यंत्रणांचा तोल सांभाळला गेला की सर्व व्यवहार सुरळीत चालतो. लहान मुलाच्या वाढत्या मेंदूत चेतवणारी बाजू बळकट आणि आवरणारी बाजू अजून कच्ची असते. तापामुळे पेशींची उत्तेजना वाढते. त्यातच संसर्गाशी लढताना शरीर जी दाहकारक रसायने निर्माण करते, त्यांचाही मेंदूवर परिणाम होतो. मग हा तोल काही क्षण सुटतो, असंख्य पेशी एकाच वेळी संदेश सोडू लागतात आणि सारे अंग झटके देऊ लागते. मेंदू पक्व होत जातो तसा हा धोका ओसरतो.

तापाच्या प्रत्येक मुलाला आकडी का येत नाही, याचे उत्तर मुख्यतः आनुवंशिकतेत आहे. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला लहानपणी तापात आकडी आली असेल तर मुलाला ती येण्याची शक्यता वाढते. बहुधा ताप साध्या विषाणूजन्य आजाराचा असतो. सर्दी-खोकला, फ्लू, कानाचा संसर्ग, जुलाब किंवा अंगावर गुलाबी पुरळ उठवणारा लहान मुलांचा ताप, ही नेहमीची कारणे. पुष्कळदा आकडी हेच तापाचे पहिले लक्षण ठरते. मुलाला ताप आहे हे घरच्यांना आकडीनंतर कळते. 'ताप अंगावर काढला म्हणून असे झाले' हा आईवर ठेवला जाणारा ठपका म्हणूनच अन्यायाचा आहे.

शरीरातील लोहाच्या कमतरतेशीही या आकडीचा संबंध असल्याचे भारतात झालेल्या अनेक अभ्यासांतून दिसले आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. वरच्या आहाराला सहाव्या महिन्यात सुरुवात, नाचणी, पालेभाज्या, कडधान्ये, अंडी यांचा समावेश आणि आरोग्य केंद्रातून मिळणारे लोहाचे औषध या गोष्टींना म्हणूनच वेगळे महत्त्व येते.

साधी आणि गुंतागुंतीची

तापातील आकडीचे दोन प्रकार मानले जातात. झटके सर्वांगाला आले, पंधरा मिनिटांच्या आत थांबले आणि चोवीस तासांत पुन्हा आले नाहीत, तर ती साधी आकडी. बहुसंख्य मुलांची आकडी या प्रकारात मोडते आणि बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांतच थांबते. झटके शरीराच्या एकाच बाजूला आले, पंधरा मिनिटांहून अधिक टिकले किंवा चोवीस तासांत पुन्हा आले, तर ती गुंतागुंतीची आकडी. आकडीनंतर एक हात किंवा पाय काही काळ लुळा पडणे हेही याच प्रकाराचे चिन्ह होय. अशा मुलाची तपासणी अधिक बारकाईने करावी लागते.

साध्या आकडीनंतर मेंदूचा आलेख, सिटी स्कॅन किंवा एमआरआय यांची सहसा गरज नसते. तपास तापाच्या कारणाचा करायचा असतो. चिंतेने व्याकूळ झालेले पालक 'एकदा स्कॅन काढूनच टाका' असा आग्रह धरतात. पण लहान मुलाला विनाकारण किरणोत्साराला सामोरे नेण्यात त्याचे हित नाही. डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला नाही, म्हणजे त्यांनी दुर्लक्ष केले असे समजू नये.

पहिली पाच मिनिटे

आकडी येताच सर्वप्रथम घड्याळ पाहावे. भेदरलेल्या मनाला एक मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते, आणि पुढील सर्व निर्णय वेळेवर अवलंबून असतात. मुलाला जमिनीवर किंवा सपाट अंथरुणावर एका कुशीवर वळवून निजवावे, म्हणजे लाळ वा उलटी बाहेर पडेल आणि श्वासनलिकेत जाणार नाही. गळ्याभोवतीचे कपडे, कानटोपी, ताईत किंवा गंड्याचा दोरा सैल करावा. आजूबाजूच्या टणक, टोकदार वस्तू आणि पेटता दिवा दूर करावा. गर्दी हटवून खिडकी उघडावी. घरात दुसरे कुणी असेल तर त्याने मोबाईलवर चित्रण करावे. झटके कोणत्या बाजूला आले, डोळे कुठे वळले, हे सांगण्यापेक्षा दाखवणे डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते.

आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे. व्याख्येत पंधरा मिनिटांचा उल्लेख असताना कृतीची मर्यादा पाच मिनिटांची का, असा प्रश्न पडेल. पाच मिनिटे उलटून गेलेली आकडी आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि उपचारास जितका उशीर होतो, तितके औषधही कमी दाद देते. म्हणून पाच मिनिटे ही वाट पाहण्याची शेवटची सीमा आहे. मूल श्वास घेत नसेल किंवा झटके थांबून लगेच पुन्हा सुरू झाले, तर पाच मिनिटांचीही वाट पाहू नये.

आकडी थांबल्यानंतर मूल काही वेळ गुंगीत राहते. ते स्वाभाविक आहे. त्याला कुशीवरच निजू द्यावे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी, दूध वा तोंडावाटे औषध देऊ नये. पहिल्यांदाच आकडी आलेल्या प्रत्येक मुलाला, ती अर्ध्या मिनिटात थांबली असली तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

कांदा, चप्पल आणि चमचा

कांद्याचा किंवा चपलेचा वास दिल्याने आकडी थांबत नाही. ती थांबलेली दिसते, कारण बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात आणि कांदा फोडून आणेपर्यंत तितका वेळ गेलेलाच असतो. या योगायोगाने एका समजुतीला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले आहे. हातात किल्ली किंवा लोखंड देण्याचेही तसेच. हे उपाय निरुपद्रवी वाटले, तरी त्या गडबडीत मूल उताणे राहते आणि घड्याळाकडे कुणाचे लक्ष जात नाही.

दातांत चमचा, बोट किंवा कापड घालणे मात्र सरळ घातक आहे. आकडीत जीभ गिळली जात नाही. तसे घडणे शक्यच नसते. कडेने जीभ थोडी चावली गेली तर ती जखम भरून येते. परंतु चमच्याने तुटलेला दुधाचा दात श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतते. हातपाय दाबून धरल्याने झटके थांबत नाहीत, उलट इजा होऊ शकते. तोंडावर पाणी मारणे, तोंडात पाणी ओतणे, अंगावर गार पाणी किंवा बर्फ ओतणे, डाग देणे, बिब्बा घालणे हे सारे वर्ज्य मानावे.

आणखी एका वस्तूबद्दल सावध राहायला हवे. ती म्हणजे कापूर. सर्दी झालेल्या बाळाच्या उशाशी किंवा गळ्यात कापराची पुरचुंडी बांधण्याची पद्धत सीमाभागात आहे आणि गोव्यातही. कापूर पोटात गेला तर त्यामुळेच आकडी येऊ शकते. लहान मुलाला त्याची थोडीशी मात्राही पुरते. निलगिरी तेलाबाबतही हाच धोका आहे. देवघरातील कापराची डबी आणि कपाटातील निलगिरीची बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, आणि ताप नसताना आकडी आली तर यांपैकी काही मुलाच्या तोंडात गेले होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सीमेवरची वाट

निपाणी हे तंबाखूचे आणि विडीचे गाव. येथील असंख्य स्त्रियांचे हात विड्या वळण्यात गुंतलेले असतात आणि लहान मुले आजीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या हवाली असतात. आकडी येते तेव्हा मुलाजवळ आई असेलच असे नाही. म्हणून मुलाला कुशीवर कसे वळवायचे आणि घड्याळ का पाहायचे, हे आजीला आणि दहा-बारा वर्षांच्या बहिणीलाही शिकवलेले असावे. ही गोष्ट एकदा करून दाखवली की लक्षात राहते.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तर बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. जिल्ह्याचे ठिकाण एका दिशेला आणि जवळचे मोठे शहर दुसऱ्या दिशेला, तेही दुसऱ्या राज्यात. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय गाठावे की बेळगावचे जिल्हा रुग्णालय अथवा केएलई संस्थेचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय, हा विचार आकडी चालू असताना करत बसू नये. अशा वेळी सर्वांत मोठ्या रुग्णालयापेक्षा सर्वांत जवळचे रुग्णालय अधिक मोलाचे असते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे आकडी थांबवणारे औषध आणि प्राणवायू मिळाला की मूल स्थिर होते. मोठ्या रुग्णालयाचा प्रवास त्यानंतर करता येतो. १०८ ही सेवा गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांत उपलब्ध आहे. फोन करताना गाव, तालुका आणि जिल्हा ही तिन्ही नावे स्पष्ट सांगावीत.

पावसाळ्यात ही वाट आणखी बिकट होते. २०१९च्या महापुरात वेदगंगेचे पाणी महामार्गावर आल्याने निपाणीजवळची वाहतूक बंद पडली होती. चोर्ला घाटातही पावसात झाड पडून किंवा दरड कोसळून वाहने अडकतात, आणि घाटातील काही टापूंत मोबाईल लागत नाही. पूर्वी लांबलेली आकडी आलेल्या मुलाच्या पालकांनी म्हणूनच प्रवासापूर्वी डॉक्टरांशी बोलून नाकात फवारायचे मिडॅझोलाम जवळ ठेवावे. पाच मिनिटे उलटली की हा फवारा नाकपुडीत मारायचा असतो. सुई लागत नाही आणि तो घरचे माणूसही देऊ शकते. तो किती वेळा मारायचा हे मुलाच्या वजनावर ठरते आणि बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी असते. त्यामुळे मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि तो कागद बाटलीसोबतच ठेवावा. मुलाचे वजन वाढले की मात्राही पुन्हा ठरवून घ्यावी. घाटात आकडी आली तर गाडी सुरक्षित जागी थांबवून मुलाला कुशीवर वळवावे. मांडीत उभे धरून भरधाव गाडी हाकू नये.

साधे साधन गावपातळीवर पोहोचले की काय घडते, याचा धडा याच जिल्ह्याने दिलेला आहे. बाळंतपणातील रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या गावोगावच्या परिचारिकांच्या हाती देऊन बेळगाव जिल्ह्यात एक अभ्यास झाला आणि तो २००६ मध्ये 'द लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अतिरक्तस्रावाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. मोठे यंत्र नव्हे, योग्य औषध आणि ते देण्याचे शिक्षण वेळेवर हाताशी असणे निर्णायक ठरले. आकडीच्या बाबतीतही तेच खरे आहे.

कागदपत्रांचाही एक प्रश्न आहे. कर्नाटकात बाळाच्या लसीकरणाच्या नोंदी 'तायी कार्ड'वर कन्नडमध्ये असतात. हे मूल कोल्हापूरला किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचले, तर त्या नोंदी वाचणारे माणूस तेथे असेलच असे नाही. आणि आकडी आलेल्या मुलाबाबत लसीकरण हा कळीचा प्रश्न असतो, कारण हिब आणि न्यूमोकोकल या लसी मेंदूज्वराच्या दोन मोठ्या कारणांपासून मुलाला वाचवतात. कोणती लस कधी दिली, मुलाचे वजन किती, पूर्वी आकडी कधी आली आणि किती मिनिटे टिकली, याची नोंद साध्या वहीत मराठीत करून ठेवावी आणि तिचे छायाचित्र मोबाईलमध्ये असू द्यावे.

ही चिन्हे दिसली तर थांबू नये

तापात आलेली प्रत्येक आकडी निरुपद्रवी नसते. मेंदूज्वर, मेंदूचा दाह, मेंदूपर्यंत गेलेला हिवताप यांतही ताप आणि आकडी एकत्र दिसतात. मूल सहा महिन्यांहून लहान असेल किंवा पाच वर्षांहून मोठे असेल, आकडीनंतर तासाभरातही नीट जागे होत नसेल, मान ताठ असेल, टाळू फुगलेली असेल, सतत उलट्या होत असतील, अंगावर जांभळे डाग उठले असतील, ते दूध ओढत नसेल किंवा आईला ओळखत नसेल, तर तातडीने रुग्णालयात न्यावे. आधीच प्रतिजैविके चालू असलेल्या मुलात मेंदूज्वराची लक्षणे झाकली जातात. ती माहिती लपवू नये. एक वर्षाच्या आतील, लसीकरण अपुरे राहिलेल्या बाळात डॉक्टर पाठीतील पाणी तपासण्याचा सल्ला देऊ शकतात. 'पाठीत सुई घातली की मूल लुळे होते' ही भीती निराधार आहे. ही तपासणी टाळल्याने निसटलेला मेंदूज्वर मात्र मुलाला कायमचे अपंग करू शकतो.

सत्तरी, दोडामार्ग, खानापूर या जंगलपट्ट्यात आणखी एक भान हवे. २०१६ मध्ये सत्तरीतील काजूच्या बागांत कामाला आलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांमध्ये माकडताप आढळला होता. गोचिडीमार्फत पसरणाऱ्या या तापात काही रुग्णांच्या मेंदूवर परिणाम होतो. जंगलात जाणे-येणे असलेल्या कुटुंबातील कुणालाही तापासोबत गुंगी किंवा झटके दिसले, तर ही पार्श्वभूमी डॉक्टरांना सांगावी.

ताप, औषध आणि मात्रा

ताप उतरवणारे औषध नियमित दिले की आकडी टळते, असा सर्वत्र समज आहे. अनेक अभ्यासांनी मात्र ही आशा फोल ठरवली आहे. पॅरासिटामॉलने मुलाची अस्वस्थता कमी होते, ते पाणी पिते, खेळते. म्हणून ते द्यावे, आकडी टळेल या भरवशाने नव्हे. एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम आणि दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर, हा सर्वमान्य नियम आहे. येथे एक चूक वारंवार घडते. तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर मोठ्या मुलांच्या पातळ औषधात पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम. थेंबांचे औषध चमच्याने पाजले गेले तर मात्रा कित्येक पटींनी वाढते. बाटलीवरील आकडा वाचल्याशिवाय औषध देऊ नये.

ॲस्पिरिन लहान मुलांना देऊ नये. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारत सरकारने २०११ मध्येच बंदी घातली आहे. मेफेनॅमिक आम्ल असलेले औषध जादा झाल्यास त्यानेच झटके येऊ शकतात. घरातील मोठ्यांसाठी आणलेली किंवा शेजारच्या मुलाला लागू पडलेली बाटली म्हणूनच वापरू नये. मुलाला जाड गोधडीत गुंडाळू नये. सुती, सैल कपडे घालावेत आणि पाणी, पेज, आईचे दूध वारंवार द्यावे.

पुन्हा येईल का ?

प्रत्येक आईचा हा पहिला प्रश्न असतो. तापातील आकडी आलेल्या तीनपैकी सुमारे एका मुलाला ती पुन्हा येते. पहिली आकडी वयाच्या पहिल्या वर्षात आली असेल तर हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. कमी तापातच आकडी येणे, ताप आल्यावर तासाभरातच ती येणे आणि घरात तसा इतिहास असणे यांमुळेही शक्यता वाढते. पुनरावृत्ती झालीच तर ती बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत होते.

यावर रोज घ्यायची औषधे सहसा दिली जात नाहीत, कारण त्यांचे दुष्परिणाम साध्या आकडीच्या धोक्याहून जड ठरतात. आकडी वारंवार येणाऱ्या निवडक मुलांना तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुरते क्लोबाझाम हे औषध भारतातील बालरोगतज्ज्ञ देतात. त्याने थोडी गुंगी येते, तोल जातो. म्हणून ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये. लस टोचल्यानंतर ताप येऊन आकडी आली, तरी पुढील लसी सोडू नयेत. गोवर किंवा न्यूमोकोकल आजार मुलाच्या मेंदूला जी इजा करतो, तिच्यापुढे लसीनंतरच्या साध्या आकडीचा धोका नगण्य आहे. आकडी आल्याची माहिती मात्र लस देणाऱ्या परिचारिकेला द्यावी.

अपस्माराचा शिक्का

तापातील आकडी म्हणजे अपस्मार नव्हे. अपस्मारात झटके तापाविना आणि पुन्हा पुन्हा येतात. अमेरिकेत तापातील आकडी आलेल्या १,७०६ मुलांचा वयाच्या सातव्या वर्षापर्यंत पाठपुरावा करण्यात आला. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरांपैकी दोन मुलांना पुढे अपस्मार जडल्याचे दिसले. साध्या आकडीनंतर ही शक्यता इतर मुलांपेक्षा किंचितच अधिक असते. गुंतागुंतीची आकडी, घरातील अपस्मार किंवा मुलाच्या विकासात आधीपासून असलेले मागेपण यांमुळे ती वाढते. बुद्धीचे काय, याचे उत्तर ब्रिटनमधील पाहणीने दिले आहे. तेथे १९७० साली जन्मलेल्या मुलांच्या पाहणीतील, तापात आकडी आलेल्या ३८१ मुलांची वयाच्या दहाव्या वर्षी तपासणी झाली. वाचन, गणित, वर्तन यांत ती आपल्या सोबत्यांपेक्षा मागे नव्हती.

हे आकडे गावातील चावडीपर्यंत पोहोचलेले नाहीत. तेथे एकदा आलेली तापातील आकडी 'हिला फेफरे येते' या वाक्यात रूपांतरित होते आणि मुलगी वीस वर्षांची झाली तरी ते वाक्य तिची पाठ सोडत नाही. स्थळ ठरताना कुणीतरी हळूच ते पुन्हा उच्चारतो. हिंदू विवाह कायद्यातील अपस्मारासंबंधीची अट संसदेने १९९९ मध्ये काढून टाकली. म्हणजे खऱ्या अपस्माराच्या रुग्णालाही कायदा विवाहास अपात्र मानत नाही. मग दीड वर्षाची असताना तापात दोन मिनिटे आलेल्या झटक्यांचा हिशेब आयुष्यभर मांडणे हा निव्वळ अन्याय आहे. शाळेत नाव घालताना, बालवाडीत सोडताना पालकांनी ही माहिती शिक्षिकेला जरूर द्यावी, पण आजार म्हणून नव्हे, तर ताप आला तर काय करावे याची सूचना म्हणून.

आकडीच्या रात्री घरातील सर्वांत शांत माणूस तो असतो, ज्याला आधीपासून काहीतरी ठाऊक असते. सीमेच्या अलीकडे असो वा पलीकडे, ज्या घरात लहान मूल आहे, तेथे घड्याळाच्या खाली एक कागद चिकटवलेला असावा. कुशीवर वळवा, वेळ पाहा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांनंतर १०८. त्या कागदावर मुलाचे वजनही लिहिलेले असावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी ते बदललेले असावे.